डावीकडे ओढणारी गाडी

३ मार्च
किल्ली माझ्या हातात! "आजपासून तूच चालव. माझे डोळे शिणतात," हे म्हणाले. त्या लाल दोन दारांच्या कूपे गाडीला मी नुसता हात लावला तरी फडकं घेऊन धावणारा हा माणूस! सूर्य पश्चिमेला उगवला की काय? खोदून विचारलं तर पेपरात डोकं. पेपर वाचताना बरे शिणत नाहीत डोळे!

५ मार्च
काय पळते! माझी जुनी गाडी हिच्यापुढे म्हैस. पण जोरात पळवली की स्टिअरिंग डावीकडे खेचतं — बाजारात पोर हात ओढतं तसं. ह्यांच्या भाच्याला फोन केला, गाडी त्याच्याच गॅरेजात जाते. हसला. "मामी, पुढच्याच चाकांनी ओढायचं आणि पुढच्याच चाकांनी वळायचं. जोर दिला की खेचणारच. स्वभावच आहे तो!"

स्वभावाला औषध नाही म्हणतात. बघू.

८ मार्च
टेकडीचा रस्ता. हे शेजारी. "वेग वळणाच्या आधी कमी कर, वळणात नव्हे!" खरंच — वळणात ॲक्सिलरेटर जास्त दाबला की गाडीचं नाक बाहेर पळतं, पाय थोडा सैल केला की शहाण्यासारखं आत येतं. तीनदा करून पाहिलं. मजा! हे आधी मोठ्याने हसले, मग घरी येईपर्यंत माझ्या हातांकडे बघत राहिले.

९ मार्च
ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, तरीही डावीकडेच! म्हणजे भाच्याचं उत्तर पुरत नाही. उभा जन्म रंगाच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये गेला माझा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग चोर सापडतो.

१० मार्च
टायरमधली हवा — बरोबर.

१२ मार्च
रस्ताच एका अंगाला कललेला असेल म्हणून तोच रस्ता उलट्या दिशेने. डावीकडेच. ह्यांना सांगितलं तर भडकलेच. "माझ्या हातात सरळ जायची. नाचता येईना अंगण वाकडं!"

मीही ऐकून घेतलं नाही. रात्री दोघं फुगून.

१३ मार्च
गॅरेज. भाचा आधी टाळत होता, मग डोकं खाजवत म्हणाला, "मामा म्हणाले उजवीकडे ओढते. चाकं तपासायचं मशीन सांगत होतं सरळ आहे. ते म्हणाले, तुझ्या मशीनला काय कळतं? मामांपुढे मी काय बोलणार? दिली चाकं थोडी डावीकडे करून. महिन्याने परत आले, अजून ओढते म्हणून. मग अजून थोडी केली."

म्हणजे गाडी सरळच होती. मग ह्यांच्या हातात उजवीकडे का जायची?

हवा झाली, रस्ता झाला, चाकं झाली. बदलून पाहायचा राहिला तो फक्त चालवणारा.

१४ मार्च
"आज तुम्ही चालवा, मला दाखवा," म्हटलं. नाही नाही करत बसले शेवटी. आणि गेली की गाडी सुतासारखी सरळ! "बघ!" म्हणाले. मी रस्त्याकडे बघतच नव्हते. सगळं स्टिअरिंग उजव्या हाताने, त्याचाच भार घालून खाली ओढून धरलेलं. डावा हात मांडीवर. एकदा उचलून स्टिअरिंगवर ठेवला, तर घसरून खाली आला.

हल्ली हे बटणांचे शर्ट घालत नाहीत, ते आत्ता लक्षात येतंय माझ्या! टायरची हवा मोजत फिरले आणि शेजारचा माणूस नाही दिसला.

गाडी बाजूला घ्यायला लावली. "कधीपासून?" खिडकीकडे तोंड फिरवलं. मी त्यांचा डावा हात दोन्ही हातांत घेऊन बसले. खूप रडले. खूप रागावलेही.

१५ मार्च
उद्या सकाळी डॉक्टर. भाच्याला फोन केला — मशीन सांगेल तशी चाकं सरळ कर. हे मागे उभे होते.

"म्हणजे," म्हणाले, "आता ती माझ्या हातात सरळ जायची नाही."