काटकोनाविरुद्ध एकतीस मतं

२ फेब्रुवारी, सोमवार
संकल्प. एक : रोज अर्धा तास चालणे. दोन : विज्ञानाच्या बाईंवर सूड उगवणे. चालणे उद्यापासून.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी मन विरघळणार नाही. बाईंनी शाळेच्या संमेलनासाठी नाटक लिहिलंय. गणिताचे सर आणि विज्ञानाच्या बाई अकरा वर्षं चौथ्या तासावरून भांडतात आणि भांडता भांडता प्रेमात पडतात. नाटकातल्या सरांना मुलं काटकोन म्हणतात. मलाही काटकोनच म्हणतात. माझा चौथा तास बाईंनी अकरा वर्षांपूर्वी पळवला, हे अख्ख्या स्टाफरूमला ठाऊक आहे. म्हणजे तो मीच. प्रेमाचं तेवढं त्यांनी पदरचं घातलंय, माझी टर उडवायला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
तालीम खिडकीतून पाहिली. इतिहासाचे सर माझं काम करतात. काटकोन असून तिरके चालतात! घरी येऊन ताईला चालून दाखवलं. ताई म्हणाली, तू तसाच चालतोस. मोठी बहीण असून तिला माझी काही किंमत नाही.

चालणे : खिडकीपर्यंत आणि परत. धरावे.

९ फेब्रुवारी, सोमवार
देव आहे! मुख्याध्यापकांनी ठरवलंय की प्रेक्षकांना चिठ्ठ्या द्यायच्या. दहापैकी गुण आणि खाली मत. मतं चांगली पडली तर मोठ्या सभागृहात दुसरा प्रयोग. मोजणी माझ्याकडे, कारण रिझल्टचं काम नेहमी माझ्याच गळ्यात. ताईला सांगितलं. ती म्हणाली, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. चोर कोण, ते तिने सांगितलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळ
प्रयोग झाला. मी शेवटच्या रांगेत, फक्त कामापुरता. शेवटी काटकोन चौथ्या तासावरचा हक्क सोडतो. नाटकातल्या बाई (आमच्या चित्रकलेच्या बाई) त्याला विचारतात, आता पुढचं सगळं आयुष्य एकाच टाइमटेबलवर काढायचं का? तो तोंड उघडणार, एवढ्यात पडदा. याला काय शेवट म्हणायचा? प्रश्न अर्धवट टाकून पळ काढला सरळ.

विज्ञानाच्या बाई विंगेत उभ्या राहून शेवटच्या रांगेकडे बघत होत्या. रिकाम्या खुर्च्या मोजत असणार.

१४ फेब्रुवारी, शनिवार
चिठ्ठ्या १८४. सरासरी ८.३. लोकांना अक्कल नाही. एका आजींनी लिहिलंय, 'डोळ्यांत पाणी आलं.' एका पालकाने, 'काटकोन सर मनाने चांगले वाटतात, त्यांना कुणीतरी हे सांगायला हवं.' ही चिठ्ठी बाद करावी का? नियम सापडला नाही.

बेरीज खोटी करणार नाही. ते पाप आहे. पण कोऱ्या चिठ्ठ्या एकतीस उरल्यात.

१५ फेब्रुवारी, रविवार
चारपासून बसलो. डावा हात, उजवा हात, तिरपं अक्षर, बाळबोध अक्षर. ताईला म्हटलं तीनच लिही. तिने चष्मा काढून ठेवला आणि आत निघून गेली.

नमुने : 'असल्या माणसाच्या प्रेमात कुठलीही शहाणी बाई पडणार नाही.' 'काटकोन सरांनी स्पष्ट नाही म्हणावं आणि विषय संपवावा.' 'बाईंनी बदली घेऊन निघून जावं, म्हणजे नाटक खरं वाटेल.' हे शेवटचं फारच झोंबेल, म्हणून अकरा चिठ्ठ्यांवर लिहिलं.

सगळीकडे शून्य देणार होतो. पण संवाद बरे आहेत, आणि उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मी कुणाचे कापत नाही. साडेतीन, साडेचार असे दिले. एके ठिकाणी साडेसहा. बाई फळा पुसतात आणि सरांची आकृती तेवढी राहू देतात, तो प्रसंग. खऱ्या बाईही असंच करतात. निष्काळजीपणा, दुसरं काय.

१८ फेब्रुवारी, बुधवार
सरासरी ७.७ वर आणली. तरी मुख्याध्यापक खूश! दुसरा प्रयोग ठरला. हात चोळत बसलो. एवढ्यात बाईंनी चिठ्ठ्या वाचायला मागितल्या. दिल्या, एकतीसच्या एकतीस वर ठेवून. आता कळेल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
मधल्या सुट्टीत बाईंनी थांबवलं. एकतीस चिठ्ठ्या वेगळ्या काढलेल्या. म्हणाल्या, या शाळेत अर्धा गुण देणारा माणूस एकच आहे. मी म्हणालो, पालकांमध्येही असू शकतो. हसल्या नाहीत. एरवी भांडताना हसतात.

मग म्हणाल्या की तो शेवटचा प्रश्न त्यांनी प्रेक्षकांना विचारलाच नव्हता. एकालाच विचारला होता. आणि त्याने एकतीस वेळा उत्तर दिलं. संस्थेच्या दुसऱ्या शाखेत त्यांची बदली केव्हाची मंजूर होती, सही करायच्या तेवढ्या त्या थांबल्या होत्या. आज केली.

मला बरंच काही बोलायचं होतं. मी म्हणालो, चार्ज कुणाकडे देणार?

ताई जेवायला हाका मारते आहे. भूक नाही.

२ मार्च, सोमवार
नवं टाइमटेबल लागलं. चौथा तास माझा. पूर्ण विजय. पेढे वाटावेत असं वाटत नाही, तब्येतीमुळे असेल.

७ मार्च, शनिवार
दुसरा प्रयोग. नवी शाळा लांब, बाई आल्या नाहीत. विंगेत मुख्याध्यापक उभे होते. मी शेवटच्या रांगेत. चित्रकलेच्या बाईंनी तो प्रश्न विचारला आणि मी उभा राहून 'हो' म्हणालो. मोठ्याने. लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला. जोरात टाळ्या पडल्या.

मोजणी आत्ताच संपवली. चिठ्ठ्या २१२. एकीवर कुणीतरी लिहिलंय, 'मागून हो म्हणणारं पात्र चांगलं आहे, पण फार उशिरा येतं.'