फाटकापाशी थरथरणारा आरसा

उरवडे, मंगळवार, संध्याकाळ

गाडी परत गॅरेजला नेली. मेस्त्री म्हणाला, इंजिनचं माउंटिंग चांगलं आहे, इंजेक्टर चांगले आहेत. न्यूट्रलला इंजिन शांत होतं. ब्रेक दाबून गिअर ‘डी’वर, म्हणजे पुढे जायच्या गिअरवर, टाकला तेव्हा थोडं थरथरलं. एवढं ऑटोमॅटिक डिझेलला असतंच म्हणे.

मग माझ्या वडिलांची, अण्णांची, रोजची कुरकुर कसली? ‘फाटक उघडताना बघ, आरसा कसा थरथरतुया.’

फाटक उघडताना. म्हणजे अण्णा गाडीच्या पुढ्यात उभे असतात. मग ब्रेकवर पाय कुणाचा?

आज गच्चीतून पाहिलं. ट्रॅक्टरवरून उतरावं तसे अण्णा नुसता हँडब्रेक ओढून उतरले. गिअर ‘डी’वरच. ब्रेकवरचा पाय निघाला की ‘डी’वरची गाडी आपणहून पुढे सरकते; ती अख्खी गाडी नुसत्या त्या हँडब्रेकवर तटून उभी होती आणि आरसा थरथरत होता. तेवढ्यात आजोबा आले म्हणून माझी लेक चिमी धावत येऊन फाटकाला लोंबकळली.

मी ओरडलो. अण्णा शांतपणे म्हणाले, ‘क्लचच न्हाई, मग गिअर कसला काढायचा? जन्मभर ट्रॅक्टर हाकलाय म्या.’

गाडीची एक किल्ली मी कपाटात लपवली आहे. दुसरी अण्णांच्या खिशात आहे, आणि चिमीला त्यांच्या गाडीचा आवाज लांबूनच ओळखू येतो.