भिंतीपलीकडची मॅच

४ जून, बुधवार

दुप्पट! वाढ नव्हे — दुप्पट!

मेसेज तीन वेळा वाचला. पूर्वेचा स्टँड, दोन खुर्च्या, हंगामाचा पास, आणि पुढे असा आकडा की मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं बिल चुकून माझ्या फोनवर आलंय. महिनाअखेरपर्यंत भरा, नाहीतर खुर्च्या दुसऱ्याला. खाली फुटबॉल क्लबच्या नव्या मालकांची सही आणि 'आपण सारे एक कुटुंब आहोत'. असं कुटुंब असल्यावर शत्रू कशाला हवेत!

आजच्याच पेपरात पहिल्या पानावर त्यांनी विकत घेतलेला नवा फॉरवर्ड. हात बांधून उभा. त्याच्यासाठी मोजलेली रक्कम वाचून आमच्या शिवणाच्या दुकानात मालकीणबाईंचे डोळे पांढरे झाले. म्हणाल्या, "एवढ्यात आपलं दुकान, वरचे दोन मजले आणि समोरची बँकसुद्धा येईल." मी एका पँटची उंची कमी करत होते, ती जरा जास्तच कमी झाली.

मामंजींना अजून सांगितलेलं नाही.

५ जून

आजही नाही सांगितलं.

८ जून, रविवार

घरात बसून बसून मन एकाच जागी फिरतंय, तेव्हा लिहूनच टाकते.

त्या दोन खुर्च्या मुळात मामंजींच्या आणि ह्यांच्या. ह्यांच्या लहानपणापासूनच्या. मग मामंजींची नजर कमी होत होत पार गेली, तरी बापलेक जायचेच. हे त्यांना शेजारी बसून मॅच सांगायचे. मग हे गेले. ध्यानीमनी नसताना, एका साध्या मंगळवारी. त्यानंतर वर्षभर आमच्या घरात फ्रिजचा आवाज तेवढा होता. मी सकाळी दुकानात, संध्याकाळी घरात, दोन्हीकडे मान खाली. लोक बोलायला आले की मी चहा ठेवायला उठायचे.

आणि एक दिवस मामंजी म्हणाले, "सूनबाई, मला मॅच सांगायला कुणीतरी हवं. तू चल."

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्याला नाही कसं म्हणायचं? गेले. पहिला अर्धा तास मूग गिळून बसले. मामंजी आपले विचारतायत, "आता कुणाकडे आहे? आता?" मला एकाचंही नाव माहीत नाही! शेवटी म्हटलं, "मामंजी, एक बारका आहे, तो कडेच्या रेघेवरून खाली-वर, खाली-वर करतोय. शिलाई मारल्यासारखा." मामंजी म्हणाले, "बरं. मग तो शिंपी. शिंपी काय करतोय?"

तिथून सुरू झालं. चेंडू छातीशी असा धरतो की कुणी रडकं पोर उचलून घ्यावं, तो गोलकीपर म्हणजे मावशी. सगळ्यांवर खेकसणारा उंच बचावपटू, तो हेडमास्तर. नावं आमच्या दोघांतच राहिली असती, पण मागच्या रांगेत पेंटर बसतो — घरांना रंग देणारा, आवाज लाऊडस्पीकरसारखा. त्याने उचलली, आणि मग सगळी रांग ओरडायला लागली, "धाव रे शिंप्या!" शिंप्याने एकदा वळून पाहिलं होतं. बिचाऱ्याला काय कळणार!

आता मला ऑफसाइडसुद्धा कळतं. कुणाची चड्डी कंबरेत सैल आहे तेही कळतं. ते मी मामंजींना आवर्जून सांगते.

११ जून

सांगितलं. जेवताना. मामंजींनी हात धुतला, टॉवेल शोधला, पुसला. "बरं," म्हणाले.

एवढंच! मला वाटलं होतं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

१५ जून, रविवार

नणंदेचा फोन. तिचं आपलं नेहमीचं. "अगं, रेडिओ लावून दे ना त्यांना! घरबसल्या ऐकतील. नाहीतरी दिसतंय कुठे?" खोटं नाही बोलत ती. पण बोलते अशी की ऐकणाऱ्याने फोन ठेवावा.

तरी मी तिचं ऐकलं. एका खुर्चीचे पैसे कसेबसे जमतात. मामंजींना म्हटलं, "तुम्ही एकटे बसा. पेंटर आहेच मागे. कानाला छोटा रेडिओ लावा, तो सगळं सांगेल. मी गेटवर सोडीन, गेटवरून नेईन."

"तो रेडिओवाला फार ओरडतो," मामंजी म्हणाले. "आणि कुणाची चड्डी सैल आहे ते कुठे सांगतो?"

मी हसले. पण मग एका खुर्चीचं करायचं काय? दोघांचा पास परवडत नाही, एकाचा त्यांना नको — मग नकोच? मामंजी हट्टी आहेत. हे तसेच होते.

२१ जून, शनिवार

क्लबने सभा बोलावली होती. 'मालक तुमच्या भेटीला'. पेंटरने सगळ्या रांगेला गोळा करून नेलं. नवा लाउंज, नवीन गालिचे, भिंतीतून गार वारा. टाचांना कापूस बांधल्यासारखं चालायचं. पडदे उत्तम शिवलेले होते, मला मान्य करावं लागेल.

मालक दिसायला अगदी साधा माणूस निघाला. कोट महागाचा, पण खांद्यात बसलेला नाही. बारीक झालाय अलीकडे. म्हणाला, यश फुकट येत नाही. खेळाडू महाग झालेत. स्वतःच्या खिशातून भर घालतो. "लोक म्हणतात मी उधळतो. हो, उधळतो. पण तुमच्याच टीमवर उधळतो ना?"

पेंटर उठला. "साहेब, तुमच्या त्या नव्या जावयाच्या एका आठवड्याच्या पगारात आमची अख्खी रांग म्हातारी होईपर्यंत बसून मॅच बघेल!" हशा. जावई हे नाव फोटो पाहून मीच ठेवलं होतं — हात बांधून उभा, कुणीतरी पाट मांडेल याची वाट बघत. मला लाज वाटली आणि आनंदही झाला.

आणि मग मामंजी उठले! मी सदरा ओढला, तरी उठले. माइक कुठे, मालक कुठे, काही दिसत नाही; आवाज आला होता त्या दिशेला तोंड करून म्हणाले, "दर तुम्ही कमी करणार नाही, कळलं. पण पैसे उभे करायला शिंप्याला विकू नका. आणि मावशीचा गुडघा दुखतोय, तिला जरा विश्रांती द्या."

मालकाने शेजारच्याला विचारलं, "शिंपी कोण?" शेजारच्याने कागद चाळले. कागदात शिंपी कुठला सापडणार! आमच्या रांगेत मात्र हसून हसून एकेकाचे डोळे भरले. शेवटी मला उभं राहून सांगावं लागलं. एवढ्या लोकांपुढे! पण एकदा सुरू झाले ती हेडमास्तर, मावशी, शिंपी, सगळी वंशावळ सांगूनच खाली बसले.

सभा संपल्यावर मालक स्वतः आमच्याजवळ आला. मामंजींचा हात हातात घेतला. "माझे वडील मला इथेच आणायचे," म्हणाला. "तेव्हा उभं राहावं लागायचं. मी त्यांच्या खांद्यावर." आवाज खरा होता. मग म्हणाला, "तुम्ही दोघं माझ्या बॉक्समध्ये या. पहिली मॅच. माझे पाहुणे म्हणून."

मामंजींनी विचारलं, "तो काचेचा ना? काच उघडते?"

"नाही. पण आत एसी आहे."

"मग मला तिथे काय ऐकू येणार?"

"खरं सांगू? मलाही येत नाही," म्हणाला. आणि मग त्याला कुणीतरी बोलावलं. वाईट नाही माणूस. राग धरायला गेले तर धरवेना. पण दर तेच राहिले.

२८ जून, शनिवार

पेंटर घरी आला होता. रांगेने आमच्या दुसऱ्या खुर्चीसाठी वर्गणी काढायचं ठरवलंय. मामंजींनी त्याला जवळ बसवलं, पाठीवर हात फिरवला आणि नाही म्हणाले. "तुझ्या पोरांचे पाय वाढतायत. बूट घे त्यांना."

पेंटर गेल्यावर मी चिडले. मोठ्याने! कितीतरी दिवसांत मी अशी चिडले नव्हते. म्हटलं, "तुमच्या जिवाला जे एक हवं ते तुम्ही सोडताय, आणि वर दुसऱ्यांच्या बुटांची काळजी! मी घरी मशीन लावीन, रविवारी कामं घेईन—"

मामंजी ऐकत होते. चेहरा असा, जसं काही मी एखादी चांगली बातमी देतेय. मला अजूनच राग आला.

३० जून

तारीख गेली. खुर्च्या गेल्या. ह्यांची पण.

१६ ऑगस्ट, शनिवार

हंगामाची पहिली मॅच. सकाळपासून मी मामंजींच्या समोर जाणं टाळत होते. आणि ते तयार होऊन दारात! स्कार्फ, टोपी, काठी.

"मामंजी, पास नाहीये आपल्याकडे."

"भिंत तर आहे ना?"

पूर्वेच्या स्टँडच्या मागे बसथांबा आहे, बाक आहे. तिथे बसलो. समोर गेट. गेटवरचा रखवालदार आम्हाला ओळखतो. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी तो मामंजींना बाजूला घेऊन काहीतरी हातात द्यायला बघतो आणि मामंजी हात जोडतात. मला वाटायचं काही जाहिरातीचं पत्रक असेल. आज त्याने लांबूनच मान हलवली. त्याचाही चेहरा पडला होता.

मॅच सुरू झाली. मला काय दिसणार — सिमेंट, आणि वर आभाळ. मी गप्प. आणि मामंजींनी सुरू केलं!

"ऐक. हा 'ऊऊऊ' उजवीकडून आला. म्हणजे शिंपी निघाला. आता पेंटरच ओरडला बघ. आता शांत — कुणीतरी पडलंय. शिट्टी नाही, उठला. हां, आता टाळ्या, पण हलक्या. मावशीने धरला."

मी थक्क! माझी सगळी मावशी आणि सगळा शिंपी त्यांच्या कानात साठवलेला. मध्येच एक लांबलचक, कंटाळलेला सुस्कारा आला हजारो तोंडांतून. मामंजी म्हणाले, "जावईबापूंकडे आला वाटतं." आम्ही दोघं बाकावर इतकं हसलो की बसची वाट बघणारी बाई सरकून बसली.

घरी येताना मामंजींनी विचारलं, "आज तू काहीच नाही सांगितलंस?"

"दिसत नव्हतं ना, मामंजी."

"हो. ते पण आहेच," म्हणाले. आणि मग घरापर्यंत काही बोलले नाहीत. दमले असतील.

२३ ऑगस्ट

मॅच बाहेरगावी. दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग. मामंजी दिवसभर खिडकीशी. मी आले तरी बराच वेळ दिवे लावले नाहीत. जेवताना काय बोलावं सुचेना. भाजी बरी झालीय, म्हणाले.

मला ते जुनं वर्ष आठवलं. भीती वाटली.

३० ऑगस्ट, शनिवार

पुन्हा तोच बाक. हाफटाइमला पेंटर गेटबाहेर आला आणि मामंजींना चहाला घेऊन गेला. तेवढ्यात रखवालदार माझ्याकडे आला. हातात कानाला लावायचं एक यंत्र.

"आता तरी हे घ्यायला सांगा त्यांना," म्हणाला. "भिंतीबाहेरसुद्धा लागतं. आतला माणूस फक्त न दिसणाऱ्यांसाठी बोलतो — कोण कुठे धावतंय, सगळं. छान सांगतो. पहिल्यापासून फुकट आहे, ताई! दरवर्षी देतोय मी. बाबा दरवर्षी हात जोडतात."

मी म्हटलं, "का?"

"पहिल्या वर्षी मी पण विचारलं होतं. म्हणाले, घरात पोरगी वर्षभर बोललेली नाही. इथे तिला बोलावंच लागेल."

मामंजी परत आले. काठी बाकाला लागली, बसले. "काय म्हणत होता तो?"

"काही नाही."

शिट्टी झाली. समोर नुसती भिंत. मी घसा साफ केला. "मामंजी, शिंपी निघालाय बघा उजवीकडून," म्हटलं. आवाज डावीकडून येत होता. मामंजी पुढे सरकून बसले. "बरं," म्हणाले, "मग?"