बेटावरचा बांगडा आणि माझा वाटा

मु. पो. नाटे

तीर्थस्वरूप काशीरामदादा यांस,
धाकट्या चुलतभावाचा, शिवाचा, साष्टांग नमस्कार.

माझ्या मुंबईवासी नाटेकर बंधूंनो! (बंधू तूर्त तुम्ही एकटेच आहात, पण माझं तोंड एका माणसासाठी उघडत नाही, हे तुम्ही लहानपणापासून सोसत आला आहात.) ज्या वाळूवर आपल्या आज्याने रापण ओढली, ज्या वाळूवर तुम्ही पहिल्यांदा दोर धरून तोंडावर आपटलात, तिला एका कंपनीच्या नकाशात आता ‘रिकामी जागा’ असं नाव पडलं आहे. तिथे क्रूझच्या लोकांना उतरायला धक्का होणार आहे. हा अपमान तुमचाही आहे. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचं प्रेशर उतरलं का? इकडे सर्व खुशाल, एक मी सोडून.

धक्का म्हणजे काय भाग्य असतं ते गावाने डोळ्यांनी पाहावं, म्हणून कंपनीने वाडीतल्या काही जोडप्यांना फुकट क्रूझवर नेलं. त्यात मी आणि गुणवंतीही होतो. तुमच्या कपाळावर आठी पडली असेल, ती पुसा. मी शत्रूचा तळ पाहायला गेलो. इतिहासात किल्ले तोफांनी कमी आणि आतून दरवाजे उघडल्याने जास्त पडले, हे मी आजवर शंभर सभांतून सांगितलं आहे. दरवाजा कसा उघडतात ते एकदा जवळून पाहायला नको? (तो जेवून उघडतात. सकाळच्या नाश्त्यालाच सतरा प्रकार होते. गुणवंतीने तरीही पिशवीतून सुकट काढलीच, आणि आमची खोली झाडणारा पोरगा दोन दिवस दारातूनच अत्तर फवारत राहिला.)

तिसऱ्या दिवशी लक्षद्वीपच्या एका बेटावर उतरवलं. गळ्यात शिंपल्यांची माळ, कानाशी ढोल, हातात शहाळं, शहाळ्यात कागदाची छत्री. ज्याच्या परड्यात माडांची दाटी आहे त्याला छत्रीवालं शहाळं देऊन ‘एन्जॉय’ म्हणायचं, याला धाडस लागतं. वाळू इतकी झाडलेली, की कुर्लीचं एक बीळ दिसेल तर शपथ. होड्याही नाहीत. मी आमच्याबरोबरच्या कंपनीच्या वेदिकाताईंना विचारलं, इथल्या मच्छीमारांच्या होड्या कुठे लागतात? त्या गोड हसून म्हणाल्या, “सर, त्यांना मागच्या बाजूला जागा दिलीये. इथे व्ह्यू खराब होतो.” दादा, स्वतःच्या गावात माणसाने व्ह्यू खराब करावा, यापुढे काय बोलायचं?

मग जाहीर झालं, ‘पारंपरिक मासेमारीचा अनुभव’. बेटावरचे दहाबारा गडी एकसारखे निळे सदरे घालून जाळं ओढू लागले. अगदी आपली रापण! दोन्हीकडे दोर, मधे पाण्यात जाळं. बाकीची पाहुणेमंडळी मोबाईल वर करून उभी होती. पण दोर ओढला जात असताना नाट्याचा माणूस हात बांधून उभा राहील का? मी सरळ पाण्यात शिरलो, दोर धरला. माझ्यामागे आपल्या वाडीतला गंगाराम, त्याच्यामागे साडीचा ओचा खोचून गुणवंती. आम्ही ओढलं ते असं, की निळे सदरे मागे वळून बघायला लागले.

जाळं किनाऱ्याला आलं. त्यात बांगडे होते. आणि आम्ही तेच केलं जे आपल्याकडे पोरंसोरंही करतात (तुमचा सोहम मुंबईचा, त्याला सांगा: दोराला ज्याने हात लावला त्याचा वाटा, मग तो सरपंच असो की वाटसरू). टॉवेल पसरून वाळूवर रांगेत बसलो. बसलो तर बसलोच. समोरचे लोक आमचे फोटो काढू लागले. वेदिकाताई धावत आल्या, “सर, काय होतंय? चक्कर येतेय का?”

“चक्कर कसली? वाटा हवा,” गंगाराम म्हणाला.

कोया नावाचा एक गडी होता. त्याला आपली भाषा येत नाही, मला त्याची येत नाही. पण पसरलेला टॉवेल त्याला बरोबर कळला. खदखदून हसला आणि एक बांगडा उचलून त्याने माझ्या टॉवेलात टाकला. दादा, तो लाकडासारखा कडक होता! कल्ल्यात बर्फाचा खडा! एवढ्यात त्यांचा मुकादम आला, त्याने तो बांगडा माझ्या टॉवेलातून उचलून पेटीत ठेवला आणि वेदिकाताईंना काहीतरी सांगितलं. त्या ओशाळून म्हणाल्या, “सर, तो चारच्या शोला लागतो.”

म्हणजे रोज पेटीतून जाळ्यात, जाळ्यातून पेटीत. मेल्यावरही सुटका नाही. आणि कोया मान खाली घालून पुढच्या खेळासाठी जाळं गुंडाळायला लागला.

मग मला राहवलं नाही. तिथेच, ओल्या लेंग्यात, मी भाषण केलं. आज मासा नाटकात उभा केलाय, उद्या माणूस उभा करतील, असं ठणकावून सांगितलं. समोर उभ्या असलेल्या एकालाही मराठी येत नव्हती. प्रचंड टाळ्या पडल्या. एका बाईंनी तर व्हिडिओ नीट आला नाही म्हणून पुन्हा करायला सांगितलं. गुणवंती म्हणाली, “चला आता. वाटा गेला, आवाज तरी ऱ्हावदे.”

तेव्हा दादा, रविवारी सकाळी दहाला ग्रामसभा आहे. धक्क्याचा निर्णय त्याच दिवशी लागणार. तुमचं नाव अजून गावच्या मतदार यादीत आहे. या.

आपला आज्ञाधारक,
शिवा

ता. क. गुणवंतीही विरोधातच हात वर करणार आहे. मात्र त्या जहाजावरची गादी फार मऊ होती, असं ती दिवसातून दोनदा म्हणते. वहिनींनी तिच्याशी फोनवर बोलावं.

ता. क. दुसरा. खरं कारण आता लिहितो. कंपनीने नाट्याच्या एसटी थांब्यावर मोठा बोर्ड लावला आहे. त्यावर गळ्यात शिंपल्यांची माळ घातलेला मी, दोन्ही हात वर, तोंड उघडं. (ते भाषणातलं ‘माणूस उभा करतील’ चालू होतं.) खाली लिहिलंय, ‘हा आनंद आता आपल्या किनारी!’ सरपंच हर्षदने माझे जाहीर आभार मानले. आता मी सभेत नुसता उभा राहिलो तरी पोरं ढोल वाजवल्यासारखे हात करतात. म्हणून बोलायचं तुम्हाला आहे. भाषण लिहून सोबत जोडलंय, पाठ करा.

ता. क. शेवटचा. दरवर्षी तुमच्या वाट्याची सुकट मी मुंबईला पाठवतो आणि तुम्ही दोराला हात न लावता ती खाता. आजवर मी काही बोललो नाही. रविवारी दहा वाजता उभे राहा, आणि ‘नाही’ म्हणा.