चाकांवरच्या लाव्या

बुधवार. तारीख शिंपीणबाई घालतील. त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर अजून मागच्या महिन्यात आहे, तेव्हा फार भरवसा ठेवू नकोस.

चि. चिंगीस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

खाली शिंपीणबाईंच्या दुकानात बसून सांगते आहे, त्या लिहितायत. तोंडात टाचण्या आहेत, त्यामुळे मधे बोलत नाहीत, हा मोठाच फायदा. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू नुसतं "हो आजी, हो आजी" करतेस आणि मागून तुझ्या हॉस्टेलातल्या मुली खिदळतात. शिवाय आपला फोन आजोबांच्या खुर्चीशेजारी. काही गोष्टी त्यांच्या कानावर जायला नकोत. त्या पुढे येतील. आधी तुझ्या लाव्या.

चिंगे, एवढ्याएवढ्या पाखरांनी माझ्या नाकी नऊ आणलेत. तू त्या माझ्या गळ्यात घालून शिकायला गेलीस तेव्हा म्हणाली होतीस, "आजी, आता घालायला लागतीलच." अजून एक अंडं नाही. तू सांगितलेलं सगळं केलं. दाण्यात शिंपल्यांचा चुरा कालवला. अंघोळीला वाळूचं तबक ठेवलं, तर लोळून लोळून सगळी वाळू माझ्या पुसलेल्या फरशीवर. अंडी धरायला उजेड लागतो म्हणालीस, म्हणून अंधार पडला की दिवा लावते, आमची जेवणं उरकली तरी जळत ठेवते. एवढा उजेड माझ्या उभ्या संसारात कधी माझ्यासाठी कुणी लावला नाही. पिंजरा जागचा हलवू नका म्हणाली होतीस, त्याचं नंतर बोलू. खातात मात्र अशा, की जणू चार दिवस माहेरी आल्यात. आणि तो त्यांचा एकुलता एक नवरदेव पहाटेपासून छाती फुगवून ओरडतो. कर्तृत्व शून्य, आवाज गल्लीभर. आजोबांना म्हटलं, हा तुमच्यावर गेलाय. तर म्हणाले, "मी निदान दाणे तरी कमवून आणत होतो."

ज्याच्याकडून तू त्या आणल्यास तो पक्षीवाला गेल्या आठवड्यात येऊन गेला. एकेकीला उलटी धरली, पिसांवर फुंकर मारून पाहिलं. म्हणाला, "माद्या धडधाकट आहेत आजी, वयातही आल्यात. पिंजरा हलवताय का?"

मी म्हटलं, "छे, कोण हलवणार?"

"भित्री जात आहे. रोज जागा बदलली की तिला वाटतं, इथलं काही खरं नाही. कोपऱ्यात ठेवा आणि विसरून जा." मग जिन्यात चपला घालताना हळूच सांगितलं, "चिंगीताईंचा फोन होता. महिनाअखेरपर्यंत अंडी नाही दिली तर घेऊन जा म्हणाल्या. तुम्हाला दोघांना उगाच त्रास नको म्हणून."

आमच्या त्रासाची तू काळजी करू नकोस. आम्ही मजेत आहोत. आजोबा अगदी ठणठणीत

इथे शिंपीणबाईंनी पेन खाली ठेवलं. तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाल्या, "आजी, खोटं लिहायचं असेल तर तुमचं तुम्ही लिहा." मला अक्षर येत नाही हे माहीत असून म्हणाल्या. बाई पोहोचलेली आहे.

तर मग आता खाली बसून वाच. तू गेलीस त्यानंतर थोड्याच दिवसांनी आजोबा न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही. पण तेव्हापासून उजवा पाय त्यांचं ऐकत नाही. डॉक्टर म्हणाले, चालवत राहा, नाहीतर बसलेला माणूस बसलेलाच राहील. धरून चालायची चौकट आणली, तिच्यावर त्यांनी टॉवेल वाळत घातला. "ही म्हाताऱ्यांसाठी असते." पायाचे व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, ती आली की झोपेचं सोंग. मी गोड बोलले, भांडले, जेवायला वाढणार नाही म्हणाले. तर म्हणे, "भूक कुणाला आहे?" भिंतीकडे तोंड करून बसायचे. चिंगे, भिंतीशी भांडता येत नाही. तुला कळवायचं नाही अशी त्यांची ताकीद होती. तू शिक्षण टाकून धावत आली असतीस, म्हणून मीही गप्प बसले.

मग एका सकाळी मी भाजी घेऊन वर गेले, तर खुर्ची रिकामी. भाजी तिथेच टाकून मी आत धावले. तुझा पिंजरा जुन्या टीव्हीच्या चाकांच्या टेबलावर आहे ना, त्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून गृहस्थ स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत पोहोचलेले. वर मलाच ओरडले, "पोरीनं उजेड सांगितलाय ना? बाहेर एवढं ऊन आणि तू यांना सावलीत ठेवतेस?"

तेव्हापासून सकाळी स्वयंपाकघर, दुपारी निजायची खोली, उतरत्या उन्हाला गॅलरी. पुढे टेबल, मागे आजोबा. आत लाव्यांची धडपड, नवरदेवाची बोंब, आणि फरशीवर घासत का होईना, पाय पडतो. तू दोन गोष्टी सांगितल्यास, उजेड दे आणि हलवू नको. त्यांनी अर्धंच ऐकलं. लग्नापासून तसंच आहे.

आता माझी अक्कल बघ. महिनाअखेरच्या धास्तीने मी बाजारातून लावीचं एक ठिपक्यांचं अंडं आणून गुपचूप पिंजऱ्यात ठेवलं. म्हटलं, तुला कळवता येईल, पिंजरा घरात राहील. आजोबांनी ते पाहिलं. पडल्यापासून त्यांना इतकं हसताना मी बघितलं नव्हतं. टेबल भिंतीला टेकवलं, मला चाकाखाली लाकडाचा तुकडा सरकवायला लावला. "घालायला लागल्या. आता कुणी हात लावायचा नाही." आणि खुर्चीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही बसून. संध्याकाळी उठवायला गेले तर पाय पुन्हा लाकूड. मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

अंडं काढून घेतलं. म्हणाले, "कुठं गेलं?"

"उंदराने नेलं असेल. पण पुढचंही कुठं दिसतंय? उजेड कमी पडत असेल."

पिंजऱ्याकडे बघितलं, खिडकीतल्या उन्हाकडे बघितलं. मग म्हणाले, "ते लाकूड काढ."

तेव्हा माझी गत अशी आहे. दिवसभर मी या पाखरांना शिव्या घालते. आणि पिंजऱ्याचं दार उघडताना मनात म्हणते, बायांनो, आजही नको. माझ्या हाताला नक्की काय लागायला हवंय, ते मलाच कळेनासं झालंय, आणि त्याचाच संताप येतो.

पक्षीवाल्याला फोन करून सांग, यायचं नाही. आजोबांनी विचारलं तर त्यांना उजेडच सांग, बाकी एक शब्द नको. धावत येऊ नकोस असंही सांगणार होते, पण शिंपीणबाई माझ्याकडे बघतायत. परीक्षा झाली की ये. थांबायच्या तयारीने ये.

आत्ता डोक्यावर चाकं वाजली. ऊन कललं, म्हणजे गॅलरीकडे निघाले. मधे उंबरा आहे, तिथे पुढची चाकं अडतात, टेबल जरा उचलावं लागतं. ते एकटे आहेत. मी मुद्दाम खाली आले आहे.

चाकं थांबली. इथे शिंपीणबाईंनीही हात आवरला, म्हणून पुढचं मागाहून लिहून घेतलं आहे. आम्ही दोघी छताकडे बघत बसलो. एकदा खडखड झालं, पुन्हा सगळं चिडीचूप. मी चपलेत पाय घातला. त्यांनी माझं मनगट धरलं. मग नवरदेव ओरडला आणि चाकं उंबऱ्यापलीकडे वाजायला लागली.

आता वर जाते. आजही अंडं नाही म्हणून त्यांच्यासमोर हळहळायचं आहे. अर्धी हळहळ खरीच असते.

तुझी,
आजी