कासारसाईच्या फोटोची व्यवस्था

मी, बंडोपंत विष्णू खांबेटे, वय ६७, धंदा फोटोग्राफी, राहणार बावधन बुद्रुक, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नीचे मत वेगळे आहे, पण ते कागदावर नको.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक पत्नी नलिनीला, तिच्या पश्चात मुलगा निषाद याला. निषाद सहलीचे फोटो मोबाइलवर काढतो, म्हणून माझी एकही लेन्स त्याला देऊ नये.

२. स्टुडिओतले दिवे, पडदे व तिपाया नलिनीचा भाचा ऋषिकेश याला. धंदा तो माझ्याकडे शिकला आणि चांदणी चौकाजवळ माझ्याहून मोठा स्टुडिओ थाटून बसला. मला त्याचा हेवा वाटतो. नलिनी म्हणते, ऋषीच्या फोटोत माणसे जिवंत वाटतात. माझ्या फोटोत कशी वाटतात, हे मी तिला अजून विचारलेले नाही.

३. माझा मीडियम फॉरमॅट, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, डिजिटल कॅमेरा. ऋषिकेशचे नाक ठेचायला २००८ साली मुंबईहून वापरलेला घेतला. विकणाऱ्याच्या गच्चीवर भर दुपारी तपासला, तिथेच फसलो. आयएसओ म्हणजे कमी उजेडात कॅमेऱ्याने डोळे किती ताणायचे तो आकडा. शंभरवर हा मेंढीच्या लोकरीचा केस न् केस दाखवतो. चारशेला कुरकुरतो. आठशेला सावलीत लाल-निळे ठिपके उठतात. ऋषिकेशचा हातात मावणारा कॅमेरा बत्तीसशेलाही स्वच्छ फोटो देतो. तरी हा कॅमेरा त्यालाच द्यावा. अट एकच, शंभरच्या वर नेऊ नये. मोठेपणा कशाला म्हणतात ते त्यालाही कळू दे.

४. कासारसाईच्या तानूबाई शेंडगे यांचा फोटो. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले.

तानूबाई मेंढरे राखायच्या. गेल्या वर्षी डिसेंबरात मी आणि ऋषिकेश दोघेही त्यांचे फोटो काढायला गेलो होतो. तानूबाई कुडाच्या अंधाऱ्या झोपडीत कोकराला मेंढीखाली लावत होत्या. फ्लॅश लावू देईनात. लखाखले की नवी व्यालेली मेंढी बुजते, पिल्लाला पाजत नाही. शंभरवर फोटोला दोन सेकंद लागत होते, आणि कोकरू काही दोन सेकंद थांबत नाही. मी आठशेवर गेलो. ऋषिकेशने हातातच धरून तीन-चार फोटो काढले.

दोघांचे फोटो घेऊन गेलो, तर तानूबाई माझा लांब धरून म्हणाल्या, "पंत, ह्यात मला तोंडभर देवी आल्यावानी दिसतंय." ऋषिकेशचा त्यांनी भिंतीला लावला.

जानेवारीत मी एकटाच गेलो. रंग उडतील, मोठा करून काचेत बसवून आणतो, असे सांगून तो फोटो भिंतीवरून उतरवून आणला आणि कपाटात ठेवला. मोठा करायचा नव्हताच. मार्चमध्ये तानूबाई वारल्या. मुलगा धुळा तेव्हापासून येताजाता विचारतो आणि मी दर वेळी काच मिळाली नाही म्हणतो.

~~सदर फोटो माझ्या पश्चात धुळा यास द्यावा.~~

वरील ओळ मी आज खोडली, त्याचे कारण. दुसरा साक्षीदार आला नाही आणि धुळा दारात उभा होता, म्हणून त्यालाच बसवले. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मी म्हणालो, मी त्याला काही देत नाही, फोटो त्याचाच आहे. मग कपाट उघडून फोटो त्याच्या हाती दिला आणि खरे काय ते सांगितले.

मी विचारले, ऋषिकेशकडून दुसरा का नाही घेतलास? त्याने तर लगेच दिला असता.

धुळा म्हणाला, "त्यो देत व्हता. आई न्हाई म्हनली. पंतांनी नेलाय, पंतच आनून देत्याल, दुसरीकडं मागायचं न्हाई, आसं शेवटपतोर म्हनत व्हती."

ऋषिकेशचा हेवा मला अजूनही वाटतो. पण तानूबाई वाट माझी पाहत गेल्या, आणि फोटो माझ्याच कपाटात होता.

कलम चारमधली खाडाखोड माझ्या हातची असून बाकी मजकूर वाचून, समजून सही केली आहे.

लिहून देणार: बंडोपंत विष्णू खांबेटे (सही)

साक्षीदार:
१. ॲड. सुलक्षणा मोहोळ, बावधन (सही)
२. धुळा भिवाजी शेंडगे, कासारसाई (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: बावधन बुद्रुक
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१०