रखडलेले सीमोल्लंघन

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी. नांदेड.
गाडीची पूजा यथासांग पार पडली. शेजारचे महादेवप्पा स्वतःच्या गाडीच्या टपावर झेंडू उधळून मोकळे झाले. पूजा यंत्राची असते, पत्र्याची नव्हे. मी बॉनेट उघडून इंजिनाला कापसाचे वस्त्र वाहिले. शेजारी पुरणपोळी व खोबऱ्याची वाटी ठेवली. वडील तिफणीपुढे नैवेद्य ठेवीत आणि शेताकडे निघेपर्यंत हलवू देत नसत. तोच नियम येथे. उद्या सीमोल्लंघन थेट लातूरपर्यंत. आमच्या सौ. गोदावरीची थोरली बहीण सुमनबाई तेथे इस्पितळात आहेत. "गोदी आली का?" असे सारखे विचारतात म्हणे.

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी.
किल्ली फिरवली. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा, ब्रेकचा, एबीएसचा, स्टिअरिंगचा. शिवाय गोदावरी पट्टा लावीपर्यंत पेटणारा डाव्या आसनाचा, तो नेहमीचाच. अशा स्थितीत प्रवास हा बेजबाबदारपणा ठरेल. गोदावरी म्हणाली, "रात्री बॉनेटमध्ये खुडखुड होती. उंदीर असंल." मॅन्युअल साद्यंत वाचले. त्यात उंदरासाठी दिवा नाही. तिने एसटीचा प्रस्ताव मांडला. दारात मोटार असता? फेटाळला. उद्या निश्चित.

३ ऑक्टोबर.
माझे निदान: ब्रेक ऑइल. बॉनेट उघडले तो पुरणपोळी अदृश्य! वडिलांच्या काळीही नैवेद्य इतक्या तत्परतेने स्वीकारला गेल्याचे ऐकिवात नाही. शुभशकुन मानून दुसरी ठेवली. ऑइल भरले. दिवे कायम, बॅटरीचा नवा. महादेवप्पा कुंपणावरून डोकावले : "सर, उंदराची खानावळ काढली का काय? राहू द्या ते. वहिनीला घ्या अन् बसा माझ्या गाडीत, आत्ता सोडतो लातूरला." गोदावरी पिशवी घेऊन उभीच होती. ज्याला पूजा कशाची हे ठाऊक नाही, त्याच्या गाडीत सीमोल्लंघन? सविनय नकार दिला. गोदावरीने पिशवी आत नेली. समजूतदार आहे.

५ ऑक्टोबर.
सुमनबाईंची मुलगी वर्षाराणी हिचा फोन. "काका, मावशीला लौकर पाठवा हो. आईचं बोलणं बंद पडून राहिलंय." 'पडून राहिलंय' नव्हे, 'पडत आहे', असे सांगावेसे वाटले; प्रसंग पाहून टाळले. माझ्या संयमाची नोंद कोणी घेत नाही. दुपारी बॅटरीची तार सोडली. चमत्कार! डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. निदान अचूक ठरले. गाडी सुरू होत नाही, हा प्रश्न तेवढा उरला. तो किरकोळ आहे.

६ ऑक्टोबर.
गोदावरी पहाटेच्या एसटीने गेली. मला न सांगता. पोळ्या झाकून ठेवल्या होत्या. मी रागावलेलो नाही. उतावीळपणा मात्र शोभत नाही.
गाडी ओढून गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याने बॉनेटमधून घरटे काढले : कापसाचे वस्त्र, पोळीचे तुकडे, कुरतडलेल्या तारांचे वेष्टन. सोबत आलेले महादेवप्पा हसले नाहीत. हसायला हवे होते.

७ ऑक्टोबर.
वर्षाराणीचा फोन. सुमनबाई पहाटे गेल्या. गोदावरी पोचली तेव्हा डोळे उघडे होते, ओळख नव्हती. "गोदी आली का?" हे परवापर्यंत विचारत होत्या म्हणे. परवा मी बॅटरीची तार सोडीत होतो. केवळ कालक्रम म्हणून नोंदवतो.

१७ ऑक्टोबर.
गाडी निर्दोष. लातूरला गेलो. काल दहावा झाला. गोदावरी दाराशी आली. "झाली का दुरुस्त?" एवढेच विचारले. चल म्हणालो. म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी येईन एसटीनं." कधी, ते सांगितले नाही.
एकटाच परतलो. नियमानुसार प्रवास घडल्यावर नैवेद्य उचलायचा. खोबऱ्याची वाटीही नव्हती.
वाटभर डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही. डाव्या आसनाचासुद्धा. शंका आली म्हणून घरी येऊन मॅन्युअल पाहिले. आसन रिकामे असल्यास तो दिवा लागत नाही. हा बिघाड नव्हे, असे स्पष्ट छापले आहे.